झाडांची न्याहारी आणि सरांचा अर्थ

पत्र, थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई पन्नाशी ओलांडलेल्या, मुलुंडला राहणाऱ्या, एका कंपनीत हिशेबाचं काम पाहणाऱ्या. लहानपण शिवडीत गेलं, वडील गोदीत कामाला होते. घराजवळच्या वाचक मंडळात त्या गेली काही वर्षं नियमाने जातात, पण बोलतात कमी. येत्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात, प्रत्येकाने आपल्या आवडीची एक कविता वाचून तिच्याविषयी दहा मिनिटं बोलायचं आहे. ताईंनी बा. सी. मर्ढेकरांची ‘न्हालेल्या जणु गर्भवतीच्या’ ही मुंबई बंदराच्या पहाटेची कविता निवडली आणि दोन ओळींपाशी अडल्या:

नितळ न्याहारिस हिरवी झाडे
काळा वायु हळूच घेती

त्यांना वाटलं, काळा वायू म्हणजे सरता अंधार असावा. मंडळातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी ते हसून बाजूला सारलं: “अहो, हा गिरण्यांचा धूर. यंत्रयुगात झाडांनाही विष प्यावं लागतं, असं मर्ढेकर सांगतायत.” मुलाने फोनला विचारलं, तर फोनने प्रदूषण आणि मृत्यू अशी दोन्ही उत्तरं दिली. ताई लिहितात, “नितळ आणि काळा एकाच वेळी कसं असेल, हेच मला कळत नाही. मी बी.कॉम., मला कवितेतलं काय कळणार? कवी तर हयात नाहीत, खरा अर्थ विचारायचा कुणाला? की दुसरी, सोपी कविता घेऊ?”

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: कविता बदलू नका. आठ कडव्यांच्या कवितेत तुम्ही अर्ध्या कडव्यापाशी अडलात. उरलेली साडेसात कडवी तुमच्याशी बोलली म्हणूनच तुम्ही ही कविता निवडली ना? तरी तुमचं पत्र असं आहे की जणू त्या दोन ओळींनी बाकीच्या तीस ओळींचा निकाल लावला.

आणि ते ‘मी बी.कॉम.’ही जरा बाजूला ठेवू. तुमच्याच पत्रात तिसऱ्या पानावर, सहज जाता जाता, तुम्ही लिहिलंय की कवितेतल्या ‘गंजदार, पांढऱ्या नि काळ्या’ बोटींचा ‘नारंगी’ रंग वाचल्याबरोबर तुम्हाला गोदीत पाहिलेल्या बोटी आठवल्या: पाण्यालगतचा शेंदरी पट्टा, त्यावर उतरलेले गंजाचे ओघळ, आणि वडिलांचं “ही परदेशी, काल रात्री लागली” असं बोट दाखवून सांगणं. कवितेत पुढे त्या बोटी ‘साखरझोपेमधे फिरंगी’ आहेत. हे कडवं तुम्हाला कुणी समजावून दिलं नाही. तुम्ही ते पाहिलेलं होतं. बंदर न पाहिलेल्या माणसाला याच ओळीसाठी तळटीप लागते. तेव्हा या कवितेपुरतं तरी तुमचं शिक्षण बऱ्याच एम.ए. झालेल्यांपेक्षा जास्त आहे, असं मी म्हणेन, आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही.

आता ‘खरा अर्थ कुणाला विचारायचा’ याकडे येऊ. या प्रश्नात एक गृहीत दडलंय: अर्थ कुठेतरी कुलूपबंद आहे आणि किल्ली दुसऱ्याकडे आहे. कवीकडे, नाहीतर सरांकडे, नाहीतर फोनकडे. मर्ढेकर १९५६ साली गेले, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. समजा, ते आज भेटले असते आणि म्हणाले असते, “काळा वायू म्हणजे अमुक,” तरी ओळीने ते पेललं नसतं तर तुमच्या-माझ्या काय उपयोगाचं? कवीने कवितेबाहेर दिलेलं स्पष्टीकरण हे आणखी एका वाचकाचं मत असतं. मानाचं, पण मतच. त्याला जे द्यायचं ते त्याने बत्तीस ओळींत देऊन ठेवलंय.

तुम्ही हिशेबाचं काम करता म्हणून सांगते. एखादी नोंद जुळत नसेल तर तुम्ही लगेच मालकाला फोन लावत नाही. आधी वरची-खालची नोंद बघता, त्याच रकमेचा दुसरा पाय कुठे पडलाय ते शोधता. इथेही तेच करायचं.

पण त्याआधी अन्वय. शाळेत श्लोक शिकवताना बाई आधी अन्वय लावायला सांगायच्या आणि आम्ही कंटाळायचो. आज मला वाटतं, मराठी कवितेसाठीही ती सवय टिकायला हवी होती. कवितेत शब्द मात्रांच्या सोयीने उभे राहतात. त्यांना आधी गद्याच्या रांगेत आणायचं. तुमच्या ओळींच्या आधीच्याच कडव्यात आहे, ‘डोकी अलगद घरे उचलती काळोखाच्या उशीवरूनी’. घाईत वाचणाऱ्याला वाटतं, डोकी घरं उचलतायत. अन्वय लावला की कळतं: घरं काळोखाच्या उशीवरून आपली डोकी अलगद उचलतात. झोपेतून उठतात. आता तुमच्या ओळी: हिरवी झाडं न्याहारीला काळा वायू हळूच घेतात, आणि ती न्याहारी नितळ आहे. म्हणजे झाडं काहीतरी खातायत, सकाळचं पहिलं खाणं. कुणी त्यांना ते पाजत नाही, त्यांच्यावर ते लादलेलं नाही. ‘हळूच घेती’. क्रियापद घेण्याचं आहे, सोसण्याचं नाही.

सरांचं वाक्य आठवा: ‘झाडांनाही विष प्यावं लागतं.’ यातलं ‘लागतं’ ओळीत कुठे आहे?

ते कुठून आलं याचा मला अंदाज आहे, आणि त्यात सरांना हसण्यासारखं काही नाही. मर्ढेकर म्हटलं की आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना आधी आठवतात ते ओल्या पिपात मेलेले उंदीर. १९४७ सालच्या ‘काही कविता’ या संग्रहातली ती कविता, ‘जगायची पण सक्ती आहे; मरायची पण सक्ती आहे’ म्हणणारी. यंत्रयुग, वैफल्य, माणसाचा उंदीर होणं, हे सगळं त्या कवितेत आहेच आणि अभ्यासक्रमांनी ते मर्ढेकरांच्या नावाला कायमचं चिकटवून ठेवलंय. मग त्यांची दुसरी कुठलीही कविता उघडली आणि ‘काळा’ शब्द दिसला की हात आपोआप त्या पिपाकडे जातो. सरांनी सक्ती आणली ती उंदरांच्या कवितेतून. या कवितेत तिला जागा नाही. कवीच्या नावावरून ओळीचा अर्थ लावणं ही शिकलेल्या माणसांची खास चूक असते. न शिकलेला माणूस ती करू शकत नाही, कारण त्याला ते नाव ठाऊकच नसतं.

पण नुसतं ‘सक्ती नाही’ म्हणून भागणार नाही. पुरावा हवा. तो दोनच कडव्यांनंतर सापडतो:

कुठे धुराचा जळका परिमल,
गरम चहाचा पत्ती गंध;
कुठे डांबरी रस्त्यावरचा
भुऱ्या शांततेचा निशिगंध

कवितेत धूर आहे, ताई. उघड, नाव घेऊन आहे. आणि कवी त्याला काय म्हणतो? परिमल. जळका खरा, पण परिमल. डांबरी रस्त्याला तो निशिगंध बहाल करतो. ज्या कवितेत धुराची तक्रार प्रत्यक्ष धुराच्या ओळीतही नाही, तिथे ती झाडांच्या न्याहारीत लपवून ठेवली असेल, हे मला पटत नाही. इथे सरांचा अर्थ मोडतो. मर्ढेकरांना गिरण्यांचा धूर माहीत नव्हता असं नाही. पण या सकाळी, एवढ्या घटकेपुरता, त्यांना तो गोड लागतोय.

आता आजूबाजूच्या नोंदी बघू. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा रेंगाळते. तिसऱ्या कडव्यात घरं उशीवरून डोकं उचलतात. लगेच गवळी ‘पिवळे हंडे भरून’ कावड घेऊन निघतात: दूध आलं. चौथ्यात झाडांची न्याहारी, आणि त्याच कडव्यात समुद्रपक्षीही टिपायला बसलेत. पाचव्यात बोटी अजून साखरझोपेत, घरातल्या उशिरा उठणाऱ्या मंडळींसारख्या. सहाव्यात चहाचा वास. उठणं, दूध, न्याहारी, कुणाचं लोळत पडणं, चहा. ताई, ही एका घराची सकाळ आहे! फक्त घर म्हणजे अख्खं बंदर आहे, आणि त्या घरात पहिल्या ओळीपासून एक न्हालेली गर्भवती आहे. अशा घरात कुणी न्याहारीला विष वाढत नाही.

गर्भवतीची ती उपमा नुसती शोभेला नाही, हे सातव्या कडव्यात कळतं. ‘या सृष्टीच्या निवांत पोटी परंतु लपली सैरावैरा अजस्र धांदल.’ पोट! पहिल्या ओळीत ठेवलेलं देणं इथे फेडलं जातं. वरून सगळं शांत, पण पोटात मुंबईचा दिवस हालचाल करतोय, लवकरच बाहेर येणारे. मर्ढेकर सौंदर्यशास्त्रावरही लिहायचे, आणि दिसण्यात काहीच साम्य नसलेल्या दोन गोष्टी एकाच भावनेने जोडल्या जाण्याला त्यांनी ‘भावनानिष्ठ समतानता’ असं भारदस्त नाव दिलं होतं. नाव विसरलात तरी चालेल. न्हालेली बाई आणि पहाटेचं बंदर यांच्यात ते काय पाहत होते, ते सातव्या कडव्यापर्यंत पोचलं की आपोआप कळतं.

मग काळा वायू म्हणजे नक्की काय? तुमचा अंधार मला आवडला आणि तो हवेतून आलेला नाही. आधीच्याच कडव्यात ‘काळोखाची उशी’ आहे. घरांनी काळोखावरून डोकं उचललं आणि झाडं उरलेला काळोख हळूहळू पिऊन टाकतायत, हे चित्र कवितेत नीट बसतं. तरी तेवढ्यावर थांबू नका, कारण ‘वायू’ आणि ‘न्याहारी’ या दोघांना अजून काम मिळालेलं नाही. अंधारच म्हणायचा असता तर कवीला वायू कशाला हवा होता?

शाळेतलं विज्ञान आठवा. झाडं आपलं अन्न स्वतः बनवतात. उजेडात, पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत घेऊन. जुनी माणसं त्याला कर्बवायू म्हणायची. कर्ब म्हणजे कार्बन, कोळशातला. रात्रभर झाडं नुसती श्वास घेत असतात, म्हणजे हा वायू सोडत असतात. उजाडलं की पानांची छिद्रं उघडतात आणि अन्नाचं काम सुरू होतं. पहाट ही झाडांच्या न्याहारीची अगदी खरीखुरी वेळ आहे. ‘हळूच’ म्हणजे किती नेमकं ते बघा: उजेड जसा चढेल तसं. आणि तुमची मुख्य अडचण, नितळ आणि काळा एकाच वेळी कसं? कोळशाशी नातं सांगणारा हा वायू डोळ्यांना दिसतच नाही, त्याला रंग नाही. नावाने काळा, दिसायला नितळ. तुम्ही ज्याला विसंगती समजलात तीच ओळीची गंमत आहे, आणि ती तुमच्या नजरेला खटकली म्हणजे तुम्ही ओळ नीटच वाचत होतात.

मला हा वायूचा अर्थ पायाचा वाटतो आणि त्याच्या रंगात तुमचा अंधार मिसळलेला वाटतो. दोन्ही ठेवा. ‘यातला एकच खरा असला पाहिजे’ हेही एक गृहीतच आहे. दोन अर्थ एका ओळीत सुखाने नांदू शकतात, जोवर ते एकमेकांना किंवा कवितेतल्या दुसऱ्या ओळीला खोटं पाडत नाहीत. अंधार आणि कर्बवायू भांडत नाहीत. धुराचं विष मात्र परिमलाशी भांडतं, नितळशी भांडतं, हळूचशी भांडतं. म्हणून ‘ज्याचा त्याचा अर्थ, सगळेच बरोबर’ असंही मी म्हणणार नाही. वाचक मंडळांत हे वाक्य फार ऐकू येतं आणि त्याने चर्चा संपते, वाढत नाही.

फोनविषयी एवढंच: त्याच्या उत्तरात या कवितेतली दुसरी एक तरी ओळ होती का? नसेल तर ते उत्तर कुठल्याही काळ्या गोष्टीला लागू पडलं असतं, कावळ्यालाही.

आता एक काम सांगते. एका सकाळी पूर्वेच्या किनाऱ्यावर जाऊन या. मुंबईकराला समुद्र म्हटलं की चौपाटी आठवते, मरीन ड्राइव्ह, जुहू. ही सगळी पश्चिम आहे, तिथे सूर्य पाण्यात बुडतो. बंदर शहराच्या पूर्वेला आहे आणि तिथे सूर्य उरणच्या बाजूने पाण्यापलीकडून वर येतो. तुम्हाला शिवडीमुळे हे ठाऊक आहे. मंडळातल्या बऱ्याच जणांना हे लक्षातच आलेलं नसेल. मुलुंडहून कुर्ल्याला उतरून हार्बर लाइनने डॉकयार्ड रोड, तिथून भाऊचा धक्का. फेब्रुवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा साडेसहाला पोचलात तर उशीवरून डोकं उचलणारी घरंसुद्धा मिळतील. गेटवेलाही चालेल, तिथे दरवळ जरा कमी, माणसं जास्त. मुंबईत कुरव, म्हणजे आपले सीगल, थंडीचे पाहुणे असतात. पावसाळ्याआधी उत्तरेकडे परततात. कवितेतली पहाट माघातली आहे. माघ म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारी, तेव्हा ते असतातच. लाटेच्या प्रत्येक चढावर उन्हाचा एकेक तुकडा चकाकतो आणि पक्षी नेमका त्या चकाकीवर झेपावतो. मासा उचलला की ऊन, ते काठावरून कळत नाही. ‘सागरपक्षी सूर्य वेचती’ या ओळीवर मग भाषण करावं लागत नाही. लाटांना ‘बिलंदर’ का म्हटलंय, तेही तिथेच कळेल. (दुधाच्या कावडी मात्र दिसणार नाहीत. पिशव्यांचे क्रेट दिसतील.)

अशी पत्रं मला एरवीही येतात. कुणी अभंगातल्या एका चरणाशी अडलेलं असतं, कुणी मुलाच्या पाठ्यपुस्तकातल्या ओळीशी, आणि सगळ्यांचा सूर तुमच्यासारखाच असतो: मलाच कळत नाही. त्यांनाही इथेच सांगते. अडण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाला औषध वेगळं. नुसता शब्द अडला असेल तर कोश बघा. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि मोल्सवर्थचा कोश दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात, आणि जुन्या कवितेसाठी आजच्या छोट्या कोशांपेक्षा ते कितीतरी उपयोगी. शब्द कळतात पण वाक्य कळत नाही, तर अन्वय. आणि काही रचना मुद्दामच कोड्यात घातलेल्या असतात. मुक्ताईची ‘मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी’ घ्या. ती कूटरचना आहे, तिच्यामागे अध्यात्माची एक परंपरा आहे आणि तिच्यासाठी परंपरा जाणणाऱ्या माणसाला विचारणं योग्यच आहे. नाथांच्या भारुडांचंही तसंच: विंचू चावतो तो कुठला, हे भारुड स्वतःच पुढे सांगतं. मर्ढेकरांची ही पहाट त्या जातीची नाही. तिच्यामागे गुपित नाही, पुढे दृश्य आहे. कोड्याला किल्ली मागावी आणि दृश्यापुढे उभं राहावं. गोंधळ होतो तो दृश्याला किल्ली मागितली की.

शाळेतल्या मुलांच्या आईवडिलांची अडचण थोडी वेगळी आहे, हे मान्य. तिथे गाइडमधला अर्थ लिहिला नाही तर गुण जातात. मुलाला दोन्ही लिहायला शिकवा: आधी अपेक्षित अर्थ, मग ‘मला असंही वाटतं, कारण अमुक ओळीत…’. ‘कारण’ लिहिलेलं असलं की बहुतेक शिक्षक गुण कापत नाहीत. कापलेच, तर कापू द्या.

समीक्षा वाचावी का, असं तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेलच. जरूर वाचा, फक्त क्रम सांभाळा. आधी आपलं टिपण, मग दुसऱ्याचं. विजया राजाध्यक्षांचा ‘मर्ढेकरांची कविता: स्वरूप आणि संदर्भ’ हा ग्रंथ या विषयावरचं मोठं काम आहे, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयात विचारा. तो उघडण्याआधी कवितेच्या प्रतीवर पेन्सिलने आपल्या खुणा करून ठेवा, नाहीतर दुसऱ्याचं वाचल्यावर आपल्याला आधी काय वाटलं होतं हेच आठवत नाही.

राहता राहिले सर. तुम्ही लिहिलंय, ‘त्यांच्यासमोर बोलायला संकोच वाटतो.’ वाटणारच, ते त्यांच्या आयुष्यभराचं काम आहे. पण तुम्हाला त्यांना खोडून काढायचं नाहीये. एकच प्रश्न शिका, आदराने विचारायचा: “सर, हे कुठल्या ओळीवरून?” या प्रश्नाचा चांगल्या शिक्षकाला राग येत नाही, उलट त्यालाच तो आपल्या विद्यार्थ्यांना विचारायचा असतो. सरांनी एखादी अशी ओळ काढून दाखवली, जी तुमच्या-माझ्या नजरेतून सुटली, तर आपण आपलं मत बदलू. त्यात कमीपणा कसला? आणि हाच प्रश्न उलट तुम्हाला कुणी विचारला तर उत्तर आता तुमच्याकडे आहे: काळोखाची उशी, परिमल, हळूच.

दहा मिनिटांची आखणीही सुचवते. पहिली तीन मिनिटं कविता वाचा, सावकाश. आणि पूर्ण वाचा, निवडक कडवी नकोत. ‘अचेतनांचा वास कोवळा’ ही दुसऱ्या कडव्यातली ओळ ऐकताना लोक चमकतील, कारण निर्जीवांना वास कसला आणि तो कोवळा कसा. चमकू द्या. धूर, चहाची पत्ती, डांबर यांपाशी पोचलात की कवितेने स्वतःच त्याचा खुलासा केलेला असतो. मग बंदर पूर्वेला आहे हे सांगा, गोदीतल्या तुमच्या वडिलांच्या बोटी सांगा. ते कुठल्याही समीक्षकाकडे नाही. काळ्या वायूवर दोन मिनिटांहून जास्त घालवू नका. तुम्हाला त्याने छळलंय, श्रोत्यांना नाही.

आणि शेवटची दोन मिनिटं एका अशा जागेसाठी ठेवा जी मलाही सुटलेली नाही. धांदल आता क्षणात सूर्याला ‘जिवंततेचे अर्घ्य’ देणार, एवढं म्हणून शेवटचं कडवं असं सुरू होतं: ‘थांब! जरासा वेळ तोवरी’. कुणाला म्हणतोय तो थांब? धांदलीला? उगवत्या भास्कराला? कामाला निघालेल्या स्वतःला, की वाचणाऱ्याला? ओळीत एकेरी आज्ञा आहे, पण नाव नाही, आणि बाकीची कविता इथे फारशी मदत करत नाही. पुढे दुसऱ्या कडव्यातल्या ओळी परत येतात, पण उलट क्रमाने. आणि आधी ‘पितात सारे गोड हिवाळा’ होता तो आता ‘उरे घोटभर’. घोटभर उरलेला असताना कुणाला थांबवावं, याचं माझं उत्तर दर वाचनाला बदलतं. माझा कल सध्या स्वतःलाच म्हणण्याकडे आहे, पण त्याला पुरावा म्हणून दाखवायला माझ्याकडे ओळ नाही.

तुम्ही उत्तर देऊ नका. प्रश्न तेवढा मंडळापुढे ठेवा आणि पहिल्यांदा सरांना बोलू द्या.